घरचा व्यवहार : परत पाठवणीचे भाडे कोणी द्यावे?

गेल्या महिन्यात आमच्या पालघरच्या घरी एक लहानसा वाद झाला. धाकट्या पुतण्याने आपल्या संगणकासाठी दूरच्या एका पेढीकडून पॉवर सप्लाय मागविला. किंमत 2,800 रुपये. तो जोडला, पण यंत्र सुरूच होईना. पेढीचे उत्तर आले की, माल बदलून देऊ. परंतु तो आमच्याकडे पोहोचविण्याचे भाडे तुम्ही द्यावे. कुरिअरवाल्याने 340 रुपये सांगितले.

मामंजी म्हणाले, “एवढ्याशा रकमेकरिता पत्रापत्री कशाला?” सासूबाईंनी मात्र विचारले, “पेटीतले चिकू सडके निघाले, तर ते घोलवडास परत नेण्याचे गाडीभाडे आपण का द्यावे?”

सासूबाईंचा प्रश्न कायद्यास धरूनच होता. 1930 च्या मालविक्री कायद्याचे 43 वे कलम सांगते की, माल नाकारण्याचा हक्क असलेल्या ग्राहकाने तो नाकारल्यास, परत पोहोचविण्याचे बंधन त्याजवर नाही. नाकारल्याचे विक्रेत्यास कळविले म्हणजे पुरे. तथापि निराळा करार झालेला नसेल, तरच हे लागू होते. म्हणून परतीच्या अटी खरेदीपूर्वीच वाचाव्यात. स्वतःचा माल ऑनलाइन विकणाऱ्या पेढीने परत पाठवणीच्या खर्चाची माहिती ग्राहकास दिलीच पाहिजे, असे 2020 चे ई-वाणिज्य नियम सांगतात. शिवाय वाजवी मुदतीपलीकडे माल मुकाट्याने ठेवून घेतल्यास तो स्वीकारला असे समजले जाते.

परंतु दोष मालाचा की आपल्या जोडणीचा, हे आधी पाहणे आपले कर्तव्य होय. आम्ही पुतण्यास तो भाग घेऊन बोईसरास त्याच्या मित्राकडे धाडले. मित्राच्या धडधाकट यंत्रावरही तो चालला नाही, तेव्हाच लेखणी उचलली. पत्रात बिलाचा क्रमांक, माल मिळाल्याची तारीख व केलेली परीक्षा नमूद केली. ‘आपल्या अटींत परतीच्या भाड्याचा उल्लेख नाही, आम्ही माल नाकारीत आहोत, तो आपल्या खर्चाने न्यावा’ असे लिहिले. पेटी व बिल जपून ठेविले. आठव्या दिवशी पेढीने पाठविलेला माणूस पेटी घेऊन गेला.

तसे न घडते, तरी मार्ग खुंटला नसता. 1915 ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य मिळते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रार आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे करता येते. विक्रेत्याच्या शहरी धावावे लागत नाही. मुदत 2 वर्षांची असून, 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही.

बदली माल आला व संगणक चालू झाला. मामंजींनी त्या पत्राची प्रत मागून घेतली आणि घरच्या बिलांच्या फायलीत स्वहस्ते लावून ठेविली.