पाण्याच्या नळीआधी पहार

शाळेच्या ध्वजस्तंभामागे गवत धरत नाही, तेव्हा तिथे रोपवाटिकेतून तयार लॉनचे तुकडे आणून बसवावेत, अशी सूचना पुढे आली आहे. पालकांपैकी अनेकांनी घरापुढे हौसेने हिरवळ केली आहे. तिचा एखादा कोपरा पिवळा पडला की आधी नळी सोडायची आणि दोन दिवसांनी मूठभर युरिया फेकायचा, हा सर्वांचा ठरलेला उपाय. आम्हांस हा क्रम उलटा वाटतो. पाणी, युरिया आणि नवे गवत या तिन्हींच्या आधी पहार घ्यावी आणि त्या जागी फूटभर खणून पाहावे.

आपल्याकडे अंगणात वाढते ती बहुधा हराळी. पूजेतली दूर्वा तीच आणि कन्नडमधली गरिके तीच. शेतकऱ्याला हराळीचे नाव काढून पाहा! खणून काढा, उन्हात वाळवा, जमिनीत एक कांडे राहिले तरी ती पुन्हा उठते. असे चिवट गवत आपल्या अंगणात एका जागी मरत असेल, तर तिथल्या जमिनीत काहीतरी ठाम कारण असणार.

ते कारण गावागणिक बदलते. बीदर शहर जांभ्याच्या पठारावर आहे. किल्ल्याचा खंदक याच जांभ्यात कोरलेला आहे. अशा जागी लाल मातीचा थर पातळ असला की पाणी आणि खत दोन्ही झटकन खाली निघून जातात. तिथे शेणखत आणि पोयटा घालून थर वाढवावा लागतो. भालकी, औरादकडे किंवा कलबुर्गीच्या काळ्या रानात याच्या नेमके उलट घडते. पावसात माती फुगून बंद होते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून पाते पिवळे दिसते, घरमालकाला वाटते पाणी कमी पडले, आणि तो आणखी पाणी देतो! याची परीक्षा सोपी आहे. फूटभर खड्डा पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा. दुसरे पाणी सकाळपर्यंत तसेच असेल तर निचरा नाही. अशा ठिकाणी उतार आणि चर काढावा. शहाबाद, सेडमच्या चुनखडीच्या पट्ट्यात तिसराच प्रकार दिसतो. पाते पिवळे, पण शिरा हिरव्या. जमिनीत लोह असूनही चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून फवारला की काही दिवसांत फरक कळतो.

नव्या घरांपुढे मात्र आम्हाला सर्वांत जास्त संशय गवंडीकामाचा येतो. विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट, फरशीच्या कपच्या हे सगळे अंगणात पसरून वर चार बोटे माती टाकली जाते. पहार ठक्कन वाजली की निदान झाले. तिथे तयार लॉन बसवले तर ते स्वतःच्या पातळ मातीवर एखादा हंगाम हिरवे राहील आणि मग वाळेल.

पावसाळ्यात गवत हाताने ओढल्यावर चटईसारखे उचलून आले, तर खाली हुमणी शोधावी. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगे रात्री कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मग जमिनीत अंडी घालतात. माती उकरून ठेवली की पांढऱ्या अळ्या वेचायला साळुंक्या आपणहून येतात. चौरस फुटात एखादी अळी सापडली म्हणून विषाची पुडी आणण्याचे कारण नाही.

काही पिवळेपणाकडे तर दुर्लक्षच करावे. थंडीत हराळी फिकी पडते. उन्हाळ्यात वरून वाळली तरी खालची कांडी जिवंत असतात आणि मृगाच्या सरींनी ती हिरवी होते. दाट सावलीत ती कधीच धरणार नाही. तिथे शहाबादी फरशी टाकून बसायला जागा करावी. मुलांची पायवाट पडली असेल तर तिथेही फरशीच बरी, कारण मुले काही वाट बदलणार नाहीत.

हा आग्रह आम्ही पाण्यासाठी धरतो आहोत. ५०० चौरस फूट हिरवळीला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे सुमारे २३० लिटर, तेही एका वेळचे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आपल्याकडेही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी घरे आहेत, आणि त्यांतली मुले याच शाळेत येतात. निचरा नसलेल्या कोपऱ्यात ओतलेले पाणी त्यांच्यासमोर ओतलेले असते.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की लॉनची खरेदी पावसाळा संपेपर्यंत थांबवावी. त्याआधी आठवी-नववीच्या मुलांनी ध्वजस्तंभामागे तीन ठिकाणी खड्डे घ्यावेत, काय निघाले ते वहीत नोंदवावे आणि मातीचा नमुना तपासून आणावा. बीदर आणि कलबुर्गी दोन्हीकडे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे सल्ला विचारता येईल. खाली डबर निघाल्यास ते काढून शेणखत-माती भरावी आणि कडेच्याच हराळीची कांडी लावावीत. खत घालू इच्छिणाऱ्या पालकांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे.