बंब पेटवा, पण आधी दारं-खिडक्या पाहा!



दिवाळी जवळ आली की माळ्यावरचा बंब खाली येतो. चिंच-मीठ लावून घासला की तांब्याचा असा काही रंग खुलतो, की घराला सण लागला असं वाटतं. विजेचा गीझर आला, गॅसचा आला, सूर्यचूल आणि सौर बंबही आले. तरी तालुक्याच्या गावांतून आणि लहान शहरांतून मागल्या दारी बंब आहेतच. पाणी भरपूर तापतं, वीज गेली तरी अडत नाही आणि नारळाच्या करवंट्या, वाळक्या काटक्या सत्कारणी लागतात.

एका भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात : "आम्ही नव्या घरात राहायला आलो. जुना बंब बरोबर आणला आहे. परसदारी ठेवला तर बादल्या वाहाव्या लागतात, म्हणून न्हाणीघराच्या कोपऱ्यातच बसवावा असं ह्यांचं म्हणणं. शिवाय पौषात लेक पहिल्या बाळंतपणाला येणार आहे. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी हवीच. मी काय करू?"

बाई, तुमचे प्रश्न दोन दिसले, तरी उत्तर एकच आहे. पण ते नीट समजून घ्यायला हवं, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

बंब बसवण्यापूर्वी

बंबाची रचना साधी. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव आणि खाली राख पडायला जागा. नळीभोवती पाणी. खालून हवा आत शिरते, विस्तव फुलतो आणि धूर नळीतून वर जातो. म्हणजे बंबाला खालून हवा आणि वरून वाट, दोन्ही मोकळ्या हव्यात. राख साचून जाळी बुजली किंवा नळीत काजळी धरली, की बंब "कोंडतो". मग धूर खोलीत येतो आणि कोळसा अर्धवट जळतो. यासाठी राख रोज काढावी आणि आठवड्यातून एकदा, बंब पूर्ण गार असताना, नळी काठीला चिंधी बांधून साफ करावी.

माळ्यावरून काढलेला बंब लगेच पेटवू नये. आधी पाण्यानं काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावा. सकाळी फरशी ओली दिसली तर सांधा गळतो आहे असं समजून तो तांबटाकडे न्यावा. घरी लांबी-मेण लावून भागवू नये, आचेपुढे ते टिकत नाही. आतली कल्हई उडाली असेल तर करून घ्यावी. कल्हई शुद्ध कथलाचीच असावी, त्यात शिसं मिसळलेलं नसावं. तरीसुद्धा बंबातलं पाणी अंघोळीला आणि धुण्याभांड्यालाच वापरावं. चहाला, भाताच्या आधणाला किंवा बाळाच्या दुधाच्या बाटलीला ते घेऊ नये.

जागा कोणती?

बंबाची जागा परसदारी, पडवीत, वर छप्पर आणि निदान दोन बाजू मोकळ्या, अशी. 40 लिटरचा बंब भरला की नुसत्या पाण्याचंच वजन 40 किलो होतं. तेव्हा तो हलत्या विटांवर किंवा लाकडी पाटावर ठेवू नये. खाली सपाट शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा ओटा करून घ्यावा. लाकडी खांब, कपड्यांची दोरी, झावळ्यांचं छप्पर, रॉकेलचा डबा आणि गॅसचं सिलिंडर यांपासून बंब चांगला लांब असावा. वर पत्रा असेल तर नळीवर पत्र्याचं धुरांडं बसवून ते छपराच्या वर काढावं आणि पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर टोपी ठेवावी. धुरांडं तापतं, त्याला वासा किंवा विजेची तार टेकता कामा नये.

न्हाणीघरात मात्र बंब नको. दार लावून, कडी घालून माणूस आत अंघोळ करतो. तिथे जळता कोळसा म्हणजे घात. तो कसा, ते पुढे सांगतेच. बादल्या वाहायचा त्रास खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे न्हाणीघराच्या भिंतीला लागून बाहेरच्या बाजूला बंब ठेवणं आणि गवंड्याकडून भिंतीतून नळ आत काढून घेणं. एकदा खर्च होतो, पण जन्माची काळजी मिटते.

पेटवण्याची रीत

पहिला नियम : आधी पाणी, मग काडी. हा क्रम कधी चुकवू नका. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. पाणी आत असेपर्यंत बंबाचं भांडं तेवढं तापत नाही. पण रिकामा बंब पेटला की कल्हई उतरते आणि सांधे सुटतात. पेटता बंब रिकामा झालेला दिसला तर घाबरून त्यात गार पाणी ओतू नका. वाफेचा भपकारा तोंडावर येतो. विस्तव चिमट्यानं काढून घ्या आणि बंब आपोआप निवू द्या.

झाकण सैलच असावं. पाणी लवकर तापावं म्हणून काही जणी झाकणावर वरवंटा ठेवतात. तसं करू नये. वाफेला वाट हवीच.

पेटवायला वाळक्या काटक्या, करवंटी, कागदाचा बोळा पुरतो. तो धरला की बेताच्या ढलप्या, आणि त्या पेटल्यावर कोळसा. ओलं लाकूड धूर फार करतं आणि नळीत काजळी धरतं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरी चपला, रंग दिलेली फळकुटं, प्लायवूडचे तुकडे बंबात घालू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो. विस्तव मंदावला म्हणून वरून रॉकेल ओतणं तर प्राणाशी खेळ आहे. निखाऱ्यावर पडलेल्या रॉकेलची वाफ होते, एकदम भडका उडतो आणि पदर पेट घेतो. बंबापाशी जाताना सुती लुगडं किंवा साडी, पदर खोचलेला, एवढं पथ्य पाळावं.

न दिसणारा वैरी

आता मुख्य गोष्ट. लाकूड धूर करतं. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, आपण आपणहून खिडकी उघडतो. म्हणजे धूर त्रासदायक असला तरी हाक मारून सांगतो. फुललेला कोळसा तसा नाही. धूर नाही, वास नाही, छान लालबुंद दिसतो. आपल्याला वाटतं, आता धोका गेला. आणि नेमका तेव्हाच तो जास्त फसवा असतो.

कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासावाटे रक्तात जातो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. पण या वायूला ते प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. मग छाती हलत असते, श्वास चालू असतो, तरी मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, हातापायांतलं बळ जातं. जागा माणूस "पित्त झालं" म्हणून पडून राहतो. झोपलेल्याला तर जागच येत नाही.

बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरनं माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, तिथेही बहुधा हाच वायू असतो. म्हणून गॅसचा गीझरही न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. दारूखाली कापड सारून किंवा खिडकी कागदानं बुजवून ऊब धरू नये.

बाळंतिणीची खोली

बाळंतिणीची खोली वाऱ्यापासून जपायची, ही आपली रीत. दारं लावलेली, खिडकीला पडदा, बाजेखाली शेगडी, वर ओवा-शेपाची धुरी. हेतू मायेचाच आहे. पण जुन्या घरांना कौलं होती. कौलांच्या फटींतून हवा येई-जाई, कुडाच्या भिंतीही श्वास घेत. आता वर स्लॅब आहे, खिडकीला घट्ट बसणारी काच आहे. शेगडी तीच राहिली, खोली मात्र बदलली. जे आजीला बाधलं नाही ते नातीला बाधू शकतं, ते यामुळे.

तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद असतो, त्यामुळे हा वायू त्याच्या अंगात लवकर भिनतो. ते सांगूही शकत नाही. गरोदर बाईच्या पोटातल्या जिवालाही त्याचा धोका असतो. म्हणून बाळ-बाळंतीण असलेल्या खोलीत जळती शेगडी नको, धुरीही नको.

ऊब हवी, ती अशी द्या : उन्हात तापवलेली अंथरुणं, सुती कपड्यांचे थर, टोपडं. अंग शेकायचंच असेल तर शेगडी अंगणात पेटवावी, तिच्यावर तव्यात कापडाची पुरचुंडी गरम करावी आणि आपल्या मनगटावर पाहून मगच बाळंतिणीला शेक द्यावा. गरम पाण्याची रबरी पिशवी वापरली तर ती फडक्यात गुंडाळावी आणि बाळाच्या अंथरुणात ठेवू नये. आणि बाळ उबेला आईच्या उघड्या छातीशी धरावं, याहून चांगली शेगडी नाही.

सासूबाईंना कसं सांगायचं? "तुमचं जुनं झालं" असं म्हणू नका. त्यांनी चार बाळंतपणं निभावली आहेत. त्यांना म्हणा, "आई, शेक तुमच्याच हातचा हवा. फक्त शेगडी अंगणात ठेवू, खोलीत गुदमरायला होतं." मान त्यांचा राहील आणि निखारे बाहेर राहतील. तरीही ऐकलं नाही तर तपासणीला जाताना त्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकवा. या एका बाबतीत मात्र नमतं घेऊ नका.

अंघोळ आणि राख

बादलीत आधी गार पाणी, मग बंबाचं. उलट केलं तर एखादं मूल कढत पाण्यात हात घालतं. 60 अंशांचं पाणीसुद्धा पाचेक सेकंदांत कातडी भाजतं आणि बंबाचं पाणी त्याहूनही गरम असू शकतं. भाजलं तर त्या जागी 20 मिनिटं नळाचं साधं गार पाणी धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. फोड मोठे असले किंवा भाजलेलं मूल असलं तर लगेच डॉक्टरकडे न्या.

राखेत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. राख पत्र्याच्या डब्यात काढावी, पाणी शिंपडावं आणि डबा उघड्यावरच ठेवावा. विझत आलेले निखारे ऊब म्हणून घरात आणू नयेत. विझता निखाराही हा वायू सोडतोच.

असं झालं तर

शेगडी, बंब किंवा गीझर चालू असताना घरातल्या दोघातिघांना एकदम डोकेदुखी-मळमळ सुरू झाली तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या, विस्तव बाहेर काढता आला तर काढा. कुणी बेशुद्ध असेल तर श्वास रोखून आत जा, त्याला ओढत बाहेर आणा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि "कोळशाचा विस्तव होता" हे आठवणीनं सांगा, म्हणजे त्यांना प्राणवायू द्यायचं लगेच सुचेल.

तर पत्र लिहिणाऱ्या बाई, तुमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर हेच : विस्तव बाहेर, ऊब आत. बंब परसदारी बसवा आणि भिंतीतून नळ घ्या. लेक आली की तिला आणि बाळाला त्याच बंबाच्या पाण्यानं न्हाऊ घाला. बाळाच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहा. आणि बारसं झालं की आम्हांला दोन ओळी नक्की लिहा.