चौदा दिवसांचा हट्ट

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचं स्वतंत्र जाळं आहे. २०१४ मध्ये त्यातल्या फिनिक्सच्या रुग्णालयाची चौकशी झाली, तेव्हा भेटीची वाट पाहणारे सुमारे १७०० माजी सैनिक अधिकृत प्रतीक्षायादीत नव्हतेच! नमुन्यातल्या २२६ जणांना डॉक्टरांच्या पहिल्या भेटीसाठी सरासरी ११५ दिवस थांबावं लागलं होतं. कागदावर मात्र २४.

भेट १४ दिवसांत द्या, असा वरून आदेश. अधिकाऱ्यांची बक्षिसी त्यालाच बांधलेली. मग डॉक्टर वाढवण्यापेक्षा आकडे सजवणं सोपं पडलं.

माजी सैनिकांच्या खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. व्हिएतनाममध्ये जखमी झालेला हा माजी लष्करप्रमुख. म्हणजे सैनिकाचं दुखणं न कळणारा माणूस नव्हे. ऑगस्टमधल्या नव्या कायद्याने ताटकळलेल्यांना खासगी डॉक्टरांची वाट मोकळी केली. चर्चा तिचीच झाली. त्याच कायद्यात सरकारी रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिका नेमण्यासाठीही पैसे होते, आणि खरी निकड तीच होती.