भाजीचा रतीब

मिरजेतल्या रुग्णालयांच्या गल्ल्यांतून दुपारी बाराच्या सुमारास गेले की हातात स्टीलचा डबा घेतलेली माणसे एकाच दिशेने जाताना दिसतात. कोणी जत-कवठेमहांकाळकडचे, कोणी सीमेपलीकडच्या अथणी-विजापूरचे. पेशंट खाटेवर असतो. त्याच्या दुधाची, पेजेची काही ना काही व्यवस्था होते. त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोने किंवा भावाने काय खाल्ले, हे विचारणे मात्र कोणाच्याच कामात येत नाही. अशा माणसांसाठी तिथे एक अन्नछत्र चालते. दुपारी दीडशेच्या आसपास माणसे जेवतात. कोठीत तांदूळ, गहू, तूरडाळ यांची पोती असतात, कारण धान्य देणारे पुष्कळ. वडिलांच्या पुण्यतिथीला कोणी तेलाचा डबा आणून ठेवतो, मुलाच्या वाढदिवसाला कोणी बुंदी पाठवतो. भाजी मात्र रोज विकत आणावी लागे. पैसे कमी पडले की आमटी पातळ व्हायची आणि भाजी बटाट्याची.

या अन्नछत्राला आम्ही आठवड्यातून दोनदा भाजी पोचवतो. आम्ही म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका सोसायटीतले दहा-बारा जण, बहुतेक निवृत्त. आणि भाजी येते ती सोसायटीच्या सहा गुंठे मोकळ्या जागेतून. कोणी पाहुणा आला की त्याला बाग दाखवली जाते, फोटो निघतात आणि जाताना तो म्हणतो, "केवढे मोठे दान करता तुम्ही!" तो शब्द ऐकला की मला अवघडल्यासारखे होते. त्याचे कारण पुराशी जोडलेले आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा मला बँकेतून निवृत्त होऊन सव्वादोन महिने झाले होते. पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून ट्रक आले. बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या, ब्लँकेटे, जुने कपडे, पेपरात गुंडाळलेल्या चपात्या. चपात्या इतक्या आल्या की काही जागी त्या खराब होऊन टाकाव्या लागल्या. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण सप्टेंबरच्या बारा तारखेला गणपती उठले, आणि तोवर ट्रकही थांबले होते. गावभागातल्या घरांतून चिखल अजून निघायचा होता, भिंती ओल्या होत्या, पेठेतली दुकाने बंद होती आणि हातावर पोट असलेल्यांचे हात रिकामे होते. त्या दिवसांत भाजी-भाकरी कोणी आणून दिली नाही. मीही दिली नाही. माझे दान पहिल्या आठवड्यातच करून झाले होते.

लहानपणी आमच्या घरी म्हशीच्या दुधाचा रतीब होता. पाऊस असो, सणवार असो, गवळी यायचा. त्याला कोणी दानशूर म्हणत नसे, कारण तो पैसे घेई. पण त्याच्या येण्यावर घर चाले. एक दिवस तो आला नाही तर आई दाराशी येरझारा घाली. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढले आणि उतरले, तेव्हा आमच्या सोसायटीत चार लोक बसून बोलत होते की यावेळी काय गोळा करायचे. मी म्हणालो, काही गोळा करायला नको, रतीब घालू. कशाचा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. अन्नछत्राच्या कोठीवरच्या मावशींनी ते सांगितले. "धान्य हाय. भाजी द्या, आणि सांगून द्या."

'सांगून द्या' याचा अर्थ कळायला आम्हाला वर्ष लागले.

'फूड बँक' हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा बँकेतला माणूस म्हणून मला हसू आले होते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरी 1967 मध्ये जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी अशी पहिली बँक काढली. दुकानदार टाकून देतात ते खाण्याजोगे अन्न एका जागी जमा करावे आणि गरजूंनी तिथून काढून न्यावे, ही कल्पना त्यांना एका गरीब बाईच्या बोलण्यातून सुचली असे ते सांगत. पुढे 1995 मध्ये अलास्कातल्या अँकरेजच्या जेफ लोवेनफेल्स या बागकामावर लिहिणाऱ्या स्तंभलेखकाने वाचकांना आवाहन केले, की वाफ्यात एक ओळ जास्तीची लावा आणि ती भुकेल्यांच्या स्वयंपाकघराला द्या. वर्तमानपत्रातल्या एका स्तंभातून सुरू झालेली ही गोष्ट तिथे देशभर पसरली. मला या दोन कल्पनांतली दुसरी अधिक पटते. पहिलीत देणाऱ्याकडे जे उरेल ते मिळते. आणि बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला विचाराल तर उरलेल्या पैशावर कोणाचाही संसार उभा राहत नाही. दुसरीत पेरतानाच ठरते की ही ओळ कोणाची. आवर्ती ठेवीसारखे. हप्ता आधी बाजूला, मग खर्च.

आमच्या जागेची कागदोपत्री नोंद 'बगीचा' अशी होती. प्रत्यक्षात तिथे बांधकामाचा राडारोडा आणि छातीएवढे काँग्रेस गवत होते. (हे गवत अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या गव्हाबरोबर इकडे आले असे सांगतात. मदतीबरोबर काय काय येते!) जागा साफ करून दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्ही आठही वाफ्यांत मेथी पेरली. सगळ्यांनी एकेक मूठ बी टाकले, नारळ फुटला, पेढे झाले. महिन्याभरात मेथी अशी तरारली की रस्त्याने जाणारे थांबून बघत. आम्ही एका सकाळी सगळीच्या सगळी उपटली आणि रिक्षा भरून मिरजेला नेली. मावशींनी रिक्षाकडे पाहिले, मग आमच्याकडे.

"एवढी मेथी निवडणार कोण? दोघी बाया हायत माझ्याकडं. आन् पुढच्या मंगळवारी काय आणणार?"

पुढच्या मंगळवारी आणायला आमच्याकडे काहीही नव्हते. पुढच्या चार आठवड्यांत नव्हते. निम्म्याहून अधिक मेथी त्या दिवशी पिवळी पडून वाया गेली. मी तीसेक वर्षे लोकांना सांगत आलो होतो की सगळ्या मुदतठेवींची मुदत एकाच दिवशी संपेल असे करू नका, थोड्या थोड्या अंतराने ठेवा. तेच शहाणपण मेथीला लावायचे मला सुचले नव्हते. तेव्हापासून दर आठवड्याला एकच वाफा पेरतो. मेथी, लाल माठ, पालक, चुका आळीपाळीने. कडेला वांगी, दोडका, घेवडा, गवार. आणि कुंपणालगत शेवगा. मेथी आम्हीच निवडून पाठवतो. सोसायटीतल्या ज्या आज्जींना वाकता येत नाही, त्या सकाळी सात वाजता खुर्च्या टाकून बसतात आणि बागेतले सर्वांत सुरस बोलणे तिथेच चालते. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एका तरुण इंजिनियरने हौसेने चेरी टोमॅटो आणि लेट्यूस लावले. मावशींनी लेट्यूसचे पान चावून पाहिले आणि ठेवून दिले. त्यांना टोमॅटो आमटीत घालायला हवा होता, वाटाण्याएवढा नको होता. आपल्याला काय लावायला आवडते आणि जेवणाऱ्याला काय लागते, हे वेगळे असू शकते, एवढी गोष्ट समजायला आम्ही किती बी-बियाणे खर्ची घातले!

आता हिशेब. हिवाळ्यात एका खेपेला बारा ते पंधरा किलो भाजी निघते. मे महिन्यात बोअरचे पाणी आटते तेव्हा चार किलोसुद्धा मुश्किलीने. दीडशे माणसांना एका जेवणात शंभर ग्रॅम भाजी धरली तरी पंधरा किलो लागतात. म्हणजे आमची उत्तमातली उत्तम खेप ही एका दिवसाच्या एका जेवणाची भाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2011 मध्ये प्रौढ माणसाला दिवसाकाठी 300 ग्रॅम भाज्या सुचवल्या होत्या. ते माप लावले तर आम्ही काहीच करत नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला आणि 2023 पासून ते मोफत मिळते. ही फार मोठी गोष्ट आहे. 1972 च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाल्लेल्या पिढीला तिचे मोल वेगळे सांगायला नको. पण त्या पाच किलोंत हिरवे पान नाही, आणि सहा गुंठ्यांच्या बागांनी ती जागा भरून निघेल असे म्हणणे ही आपली आपण केलेली फसवणूक होईल. ते काम सरकारचेच आहे.

आमच्यातल्या एका सी.ए. मित्राने तर उघडच विचारले, की बी, खत, वीज, रिक्षाभाडे धरले तर ही भाजी घाऊक बाजारापेक्षा महाग पडते. त्याऐवजी प्रत्येकी पाचशे रुपये महिना का काढत नाही? प्रश्न बिनतोड होता. आम्ही तेही करून पाहिले. पहिल्या महिन्यात बारा जणांनी दिले, सहाव्या महिन्यात पाच जणांनी. पैसे देणे विसरता येते. सकाळी साडेसहाला शेजारी खुरपे घेऊन जिन्याखाली उभा असला की विसरता येत नाही. तरीही ज्यांना बागेत येणे शक्य नाही त्यांनी पैसेच द्यावेत, तेल-डाळीला ते लागतात. बागेने पैशाची गरज संपत नाही.

बागेतले सर्वांत कडाक्याचे भांडण कोथिंबिरीवरून झाले. नियम असा होता, आणि तो मीच लिहिला होता, की बागेतले पानही कोणी घरी न्यायचे नाही. एक दिवस रोज राबणाऱ्या एका वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सकाळपासून चिखलात आहे. मूठभर कोथिंबीर नेली तर काय बिघडले?" मी नियम वाचून दाखवला. त्या खुरपे ठेवून गेल्या आणि चार महिने आल्या नाहीत. आज मला वाटते, चूक माझी होती. बँकेत कर्मचाऱ्यालाही कर्ज मिळते. व्हाउचर मात्र करावे लागते. आता अन्नछत्राची भाजी आधी वजन होते, गाडीत चढते, आणि मग राबणाऱ्यांनी वहीत लिहून हवे ते न्यावे. वहिनी परत आल्या. वही त्याच सांभाळतात, माझ्यापेक्षा चोख.

कुंपणाजवळचा प्रसंग सांगायला मला बराच काळ धीर झाला नाही. तिसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या प्लॉटवर इमारत उठत होती. तिथले मजूर बहुतेक विजापूरकडचे. माल कमी भरू लागला म्हणून आम्ही आळीपाळीने पहाटे लक्ष ठेवत होतो. माझ्या पाळीला पाचच्या सुमारास कुंपणाशी कोणी वाकलेले दिसले. मी टॉर्च टाकला आणि ओरडलो. एक बाई होती, पंचविशीतली. ती काही बोलली नाही. पदराच्या ओट्यात धरलेले होते ते जमिनीवर ठेवले आणि निघून गेली. मी काय करावे? मी ती भाजी उचलली, काट्यावर ठेवली, सहाशे ग्रॅम भरली, वहीत जमा धरली आणि मिरजेच्या पिशवीत घातली.

मिरजेला मावशी पिशवी रिकामी करताना म्हणाल्या, "आज घोळ धाडलीसा? झ्याक! हिची भाजी लई दिसांनी बघितली." तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या सहाशे ग्रॅममध्ये लाल माठ मूठभरच होता. बाकी सगळी घोळ आणि तांदुळजा, म्हणजे जे आम्ही दर आठवड्याला तण म्हणून उपटून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकत होतो. ती बाई आमचा कचरा वेचत होती, आणि तो मी तिच्याकडून काढून घेऊन गरिबांना दान केला होता.

त्या आठवड्याच्या बैठकीत तारेचे कुंपण आणि कॅमेरा यांचा ठराव आधीच लिहून आलेला होता. मी झालेली हकिकत सांगितली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आटपाडीकडच्या एका आजींनी सरव्याची आठवण काढली. कापणी झाली की शेतात पडलेली कणसे गोरगरिबांनी वेचायची, त्यांना कोणी हटकायचे नाही. मालक हात राखूनच कापणी करी. ठराव तीन मतांनी पडला. रस्त्याकडची एक ओळ आता मोकळी असते. माठ, तांदुळजा, घोळ, कढीपत्ता. तिचे वजन होत नाही आणि ती वहीत येत नाही, हे माझ्यासारख्याला अजून थोडे जड जाते. कढीपत्ता नेणारे बहुतेक पांढऱ्या बुटांचे मॉर्निंग वॉकवाले असतात, अशी तक्रार दर बैठकीत होते. ती खरी आहे. नेऊ देत.

ती बाई पुन्हा दिसली नाही. इमारत पूर्ण झाली, मजूर दुसरीकडे गेले. मी त्या वेळी एकदा त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत गेलो होतो, पण कोणाला काय विचारावे ते सुचले नाही आणि परत आलो.

यंदा उन्हाळ्याची काळजी आहे. बोअर फेब्रुवारीतच कमी दाबाने चालू लागतो, म्हणून गच्चीवरचे पाणी साठवायला टाकी बसवावी असे चालले आहे. श्रीपाद दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा'ने पालापाचोळ्यातून माती करायची जी पद्धत सांगितली, तिने दोन वाफ्यांना पाणी कमी लागते असा आमचा अनुभव आहे. बाकीचे सहाही तसे करायचे आहेत. पाला गोळा करायला माणसे हवीत. मावशींचा निरोप आला आहे की मंगळवारी दुधी नको, मागचाच उरला आहे. वांगी चार किलो, चुका असेल तर चुका, आणि घोळ मिळेल तेवढी.