फोटोला बंदी, कोणत्या कायद्याने?

सक्करदऱ्यातली वास्तुशास्त्र शिकणारी आपली पोरे चंदीगडला जातात. ल कॉर्बुझिएचे कॅपिटॉल संकुल २०१६ पासून जागतिक वारसा आहे; तरी ओळखपत्र दाखवून, वाटाड्यामागेच फिरायचे. तिथे १९९५ मध्ये मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची हत्या झाली, बंदोबस्त हवाच. पण 'फोटो नको' हे कोणत्या कायद्याने?

कॉपीराइट कायद्याचे (१९५७) कलम ५२ वास्तूच्या छायाचित्राला मोकळीक देते. शासकीय गुपिते कायदा (१९२३) 'निषिद्ध ठिकाणां'पुरताच. पोलीस ठाणेसुद्धा त्यात येत नाही, असा निकाल आपल्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये दिला. घटनेच्या कलम १९(२)चे निर्बंधही कायद्यानेच घालता येतात, शिपायाच्या दरडावण्याने नव्हे. (दरडावणी आपल्याच पोरांच्या वाट्याला जास्त का, हा सवाल आहेच.)

माहिती अधिकारात बंदीच्या आदेशाची प्रत मागा. अर्ज मी लिहून देतो.