सांध्यांची सूज आणि माशाचे तेल

चाकणजवळच्या एका वाडीतून एका भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाईंचे वय साठीच्या पुढे. हातांची बोटे सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापणे तर केव्हाच सुटले. डॉक्टरांनी आमवात सांगून गोळ्या चालू केल्या आहेत. मुलगा एमआयडीसीत कामाला. तेथे कुणीतरी सांगितले म्हणून त्याने माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली आणली. सासूबाई माळकरी, कार्तिकीला आळंदी कधी चुकवलेली नाही. बाटलीवरचे माशाचे चित्र पाहून त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. मुलगा म्हणतो, औषधाला कसला विटाळ? रोज एक घे, म्हणजे त्या कडक गोळ्या बंद करता येतील. चार दिवस मायलेकरांत अबोला आहे. "आम्ही काय करावे?" असे ताईंनी विचारले आहे.

ताई, गोळ्यांचे आधी सांगतो, कारण ते निकडीचे आहे. गोळ्या बंद करू नका. आमवातात सांध्याची हाडे आतून झिजत जातात आणि एकदा वाकडे झालेले बोट पुन्हा सरळ होत नाही. ती झीज अडवण्याचे काम डॉक्टरांच्या गोळ्या करतात. माशाचे तेल ते करू शकत नाही. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असेल तर ती चुकून रोज दिली जात नाही ना, हेही पाहा. त्या चुकीने माणसे दगावली आहेत.

आता वाचकहो, हे तेल शरीरात करते तरी काय, ते समजून घेऊ.

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. हे काम काट्याचे नाही, आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे आहे. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. काट्याबरोबर आत शिरलेल्या जंतूंवर त्या तुटून पडतात आणि त्या झटापटीलाच आपण दाह म्हणतो. चार दिवसांत जंतू मरतात आणि सूज उतरते. दाह झालाच नसता तर साध्या काट्याने माणूस मेला असता. आमवातात मात्र कुंपणच शेत खाते. राखणदार आपल्याच सांध्यांना परके समजून तेथे ठाण मांडतात. सूज येते ती उतरतच नाही.

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो आणि तो स्निग्ध पदार्थाचा बनलेला असतो. कुठला स्निग्ध पदार्थ, हे बऱ्याच अंशी आपल्या ताटावर ठरते. करडई, सूर्यफूल, भुईमूग यांच्या तेलांत ओमेगा-६ जातीची स्निग्धाम्ले भरपूर असतात. समुद्राच्या माशांत ओमेगा-३ जातीची असतात. धोक्याची सूचना मिळताच राखणदार पेशी आपल्याच पडद्यातला स्निग्धाचा तुकडा तोडते आणि त्यापासून निरोप पोचवणारी द्रव्ये तयार करते. ओमेगा-६ पासून झालेली द्रव्ये जोरात आरोळी ठोकतात, मग आणखी पेशी धावत येतात. ओमेगा-३ पासूनही आरोळीच निघते, पण दबकी. आपली जुनी ॲस्पिरिनची गोळी ही द्रव्ये तयार होऊ न देता सूज उतरवते, हे लंडनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळाले.

पुढे आणखी एक गोष्ट उजेडात आली, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. इतके दिवस समजूत होती की सूज आपोआप विरते. २००० नंतर अमेरिकेतल्या बॉस्टनच्या संशोधकांना असे दिसले की ओमेगा-३ पासून शरीर काही वेगळी द्रव्ये करते आणि ती राखणदारांना सांगतात, काम झाले, आता परत फिरा आणि जाताना मेलेल्या पेशी झाडून न्या. भांडण मिटवणारा गावातला म्हातारा असतो ना, तसे.

मग मुलाचे खरे की काय? थोडे खरे. आमवाताच्या रोग्यांना हे तेल देऊन अनेक चाचण्या झाल्या आहेत. काहींचे दुखणे आणि सकाळचा आखडलेपणा कमी होतो, वेदनेच्या गोळ्या कमी लागतात. पण त्याला रोज सुमारे ३ ग्रॅम ओमेगा-३ लागते, आणि पेशींचे पडदे बदलायला वेळ लागत असल्याने गुण दिसायला दोन-तीन महिने जातात. आता बाटली उलटी करून बारीक अक्षरे वाचा. साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये कामाचे ओमेगा-३ बहुधा ३०० मिलिग्रॅमच असते. बाकी नुसते तेल. म्हणजे दिवसाला दहा कॅप्सूल झाल्या! रोज एक घेऊन बोटे सुटणार नाहीत. आणि दहा घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा छातीचे ठोके अनियमित पडत असतील तर. मोठ्या मात्रेने ठोक्यांचा तो विकार काही जणांत वाढलेला दिसला आहे.

सासूबाईंच्या माळेचे म्हणाल तर त्यांचे मन मोडू नये. मासा हे ओमेगा-३ स्वतः फारसे तयार करत नाही. समुद्रातले सूक्ष्म शेवाळ ते तयार करते, लहान जीव शेवाळ खातात, त्यांना मासे खातात. त्या शेवाळातूनच काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल आता मिळतात. महाग आहेत, आणि वरचे कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे नाही ना, हे मात्र वाचून घ्यावे.

आपल्याकडे जवस आहे. त्यात सुमारे चाळीस टक्के तेल, आणि त्यातले निम्म्याहून अधिक ओमेगा-३. पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने जवसावर बरीच वर्षे काम केले आहे. कोंबड्यांना जवस चारून अंड्यात ओमेगा-३ वाढवण्याचाही त्यात भाग होता. तरी एक गोम आहे. जवसातले ओमेगा-३ वेगळ्या जातीचे असते आणि माणसाचे शरीर त्यातला फार थोडा भाग माशातल्या जातीत बदलू शकते. कोंबडीला ते आपल्यापेक्षा बरे जमते. म्हणून जवसाच्या चटणीने आमवात जाईल असे मी लिहिणार नाही. पण अन्न म्हणून ती उत्तम. जवस मंद आचेवर भाजून लसूण, मिरची, मीठ घालून कुटावे. अख्खे दाणे तसेच पोटातून बाहेर पडतात. जवसाच्या तेलात मात्र तळू नये. सुतार लाकडाला अळशीचे तेल लावतात तेव्हा ते हवेने वाळून कडक होते, तोच त्याचा नाजूकपणा. कुटलेली चटणीही आठ-दहा दिवसांपुरतीच करावी, खवट वास आला तर टाकून द्यावी.

मासे खाणाऱ्या घरांनी बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा कालवणात खावी. रोहू, कटला, चिलापी या गोड्या पाण्यातल्या माशांत हे तेल कमी असते. सुकटीत मीठ फार, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी जपून.

करडईचे तेल टाकून द्या, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. ओमेगा-६ खाल्ल्याने माणसाच्या रक्तातला दाह वाढतो, असे चाचण्यांत दिसलेले नाही. मला काळजी वेगळीच वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर आणि त्यांचे लंडनचे सहकारी यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दाहाचे निरोप नेणारी द्रव्ये शहरी माणसांच्या रक्तात जास्त आढळली, खेड्यातल्या माणसांत तशी नव्हती. पोटावरची चरबी स्वतःच असे निरोप सोडत असते. त्या वेळी खेडी असलेली महाळुंगे, खराबवाडी आज कारखान्यांच्या वेढ्यात आहेत. जमीन गेली, चालणे गेले, पाळीच्या कामात रात्री वडापाव आणि दिवसा झोप. ताई, बाटली आणणाऱ्या तुमच्या मुलाचे पोट किती सुटले आहे, ते पत्रात लिहिलेले नाही. तेही कळवा. आणि बाटलीचे झाकण अजून उघडले नसेल तर दुकानदार परत घेतो का, ते त्याला विचारायला सांगा.