सदनिकेतली ओसरी

शाळांच्या परीक्षा संपतात आणि वसई-विरार पट्ट्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत वर्षाकाठी एकदाच दिसणारी लगबग सुरू होते. पुण्याहून, नाशिकहून, कधी थेट बंगळुरूहून गाड्या येऊन थांबतात. नातवंडे जिन्याकडे धाव घेतात; मुलगा-सून किंवा लेक-जावई सामान उतरवू लागतात. अलीकडे या लवाजम्यात एका पाहुण्याची भर पडली आहे. मागच्या आसनावरून गळ्यात पट्टा घातलेला कुत्रा उडी मारून उतरतो, नाहीतर जाळीच्या पेटीतून मांजराचे डोळे लुकलुकतात. वरच्या मजल्यावर, भाकरतुकडा ओवाळण्यासाठी दारात उभ्या असलेल्या आजीच्या मुखावर त्या क्षणी आनंद आणि धास्ती एकाच वेळी उमटते. नातवंडांसाठी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिलेली असते. पण नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चार पंजे धावत येणार, ही कल्पना तिला सहन होत नाही.

या प्रसंगाकडे केवळ विनोदाने पाहून चालणार नाही. ज्या घरात जन्मात कधी जनावर पाळले गेले नाही, त्या घराची शिस्त आणि त्याच घरातून बाहेर पडलेल्या मुलांची नवी जीवनरीत यांची येथे समोरासमोर गाठ पडते. ती गाठ नीट सुटली नाही, तर पुढच्या वर्षी मुक्काम आठ दिवसांवरून दोन दिवसांवर येतो. त्याच्या पुढच्या वर्षी ‘यंदा जमणार नाही’ एवढाच निरोप येतो. कारण कोणी सांगत नाही, पण दोन्ही बाजूंना ते ठाऊक असते.

कष्टाने कमावलेली टापटीप

आजी-आजोबांच्या टापटिपीची थट्टा करण्यापूर्वी तिचा इतिहास पाहिला पाहिजे. वसई रोड, नालासोपारा, विरार येथे गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत आलेली असंख्य मराठी कुटुंबे गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून आली. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसांचा संसार करायचा, तर प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला वस्तू ठरलेली असावी लागे. पुढे स्वतःची सदनिका झाली. पण तिची किंमत चर्चगेटपासून विरारपर्यंतच्या ६० किलोमीटरच्या रोजच्या उभ्या प्रवासाने चुकवावी लागली. नळाला पाणी येण्याची वाट पाहत, टँकरमागे हंडे-कळश्या घेऊन धावत ज्या गृहिणीने ते घर लखलखीत ठेवले, तिच्यासाठी स्वच्छ फरशी ही आयुष्यभराच्या कष्टांची कमाई आहे. २००९ मध्ये महानगरपालिका आली, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. गाव शहर झाले, पण सांडलेला प्रत्येक थेंब मोजण्याची त्या पिढीची सवय गेली नाही.

दुसरीकडे मुलांची बाजूही निराधार नाही. दोघेही नोकरी करणारी, एकच अपत्य, शेजाराशी जुजबी ओळख. अशा घरात संध्याकाळी शाळेतून परतणाऱ्या मुलाच्या स्वागताला धावून येणारा जीव बहुधा तो कुत्राच असतो. नातवाच्या दृष्टीने तो ‘पाळीव प्राणी’ नसून घरातला भाऊच असतो. त्याला बाल्कनीत बांधून ठेवा, असे आजीने सांगताच नातवाच्या मनाला ओरखडा उठतो, तो याच कारणाने.

परंपरा काय सांगते?

अशा वेळी परंपरेचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. एक बाजू सोवळ्याकडे बोट दाखवते, दुसरी भूतदयेकडे. परंपरेत दोन्ही आहेत आणि ती परस्परविरोधी नाहीत. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. वैश्वदेवानंतर प्राणिमात्रांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवल्याशिवाय गृहस्थाने जेवू नये, असा दंडक होता. गायीचा घास आणि कावळ्याचा घास आजही अनेक घरांत निघतो. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे संत नामदेव प्रत्येक मराठी मुलाला गोष्टीतून भेटलेले असतात. दत्तप्रभूंच्या पायाशी चार श्वान आहेत, खंडोबाच्या सोबतीला श्वान आहे.

महाभारताची योजना तर याहून बोलकी आहे. आदिपर्वाच्या आरंभी जनमेजयाच्या यज्ञस्थळी देवशुनी सरमेचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. तरी राजाचे भाऊ त्याला मारून पिटाळतात. सरमा जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही, तेव्हा निरपराधाला मारल्याबद्दल तुझ्यावर अकल्पित भय कोसळेल, असा शाप ती राजाला देते. आणि महाप्रस्थानिक पर्वात, श्वानाला स्वर्गात स्थान नाही असे इंद्राने बजावल्यावर, आश्रयाला आलेल्याचा त्याग करून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिर नाकारतो. तो श्वान म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, हे नंतर उलगडते. एका टोकाला यज्ञाच्या पावित्र्यासाठी मारले गेलेले निरपराध पिल्लू, दुसऱ्या टोकाला स्वर्गाच्या दारातला श्वान! पावित्र्य राखताना अन्याय घडू नये, हा त्यातला बोध आहे.

मात्र याच परंपरेने कुत्र्याला देवघरात नेऊन बसवले नाही, हेही तितकेच खरे. आगाशी, निर्मळ, अर्नाळा या भागांतल्या जुन्या वाडीतले घर आठवावे. केळी-पानवेलींच्या बागेत विहीर, पुढे अंगण, मग ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर आणि मागे परसू. गुरे गोठ्यात, राखणीचा कुत्रा अंगणात, फार तर ओसरीच्या पायरीपर्यंत. उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजराला मात्र चुलीपर्यंत मुभा. प्रत्येक जिवाला घर होते आणि प्रत्येकाची हद्दही ठरलेली होती. बाहेरचा माणूस, मातीचे पाय, ओली छत्री, भुकेले जनावर या साऱ्यांना सामावून घेणारी एक मधली जागा त्या घराला होती. तिचे नाव ओसरी.

सदनिकेने नेमकी तीच जागा गिळली. दार उघडले की थेट दिवाणखाना. मधला टप्पाच न उरल्याने ‘सर्वत्र मोकळीक’ किंवा ‘घरात प्रवेश नाही’ असे दोनच पर्याय समोर दिसतात आणि वाद पेटतो. आजी निर्दय नाही आणि सूनबाई बेशिस्त नाही. त्या घराला ओसरी नाही, एवढेच.

ओसरी पुन्हा उभारता येते

सुदैवाने ओसरीला भिंत लागत नाही, ठरावाने ती घालता येते. दाराजवळचा एक कोपरा निवडावा. तेथे धुता येईल अशी सतरंजी, पाण्याचे भांडे आणि पाय पुसायचे फडके ठेवावे. बाहेरून आल्यावर पंजे पुसल्याशिवाय त्या कोपऱ्यापुढे पाऊल नाही. स्वयंपाकघर आणि देवघर पूर्ण वर्ज्य. दाराला लहान मुलांसाठी लावतात तसे बुटके फाटक लावले तर रोजची हाकाहाक टळते. गुळगुळीत फरशीवर कुत्र्याचे पाय घसरतात आणि सांध्यांना इजा होते; जुन्या चटया अंथरल्या तर त्याचीही सोय होते, फरशीवर ओरखडेही येत नाहीत.

टापटिपीच्या घराने एक गोष्ट आवर्जून तपासावी. स्वच्छतेची आपली साधनेच पाहुण्याला घातक ठरू शकतात. फिनेलसारखी काही जंतुनाशके मांजरांना विषारी असतात. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ती पोटात जातात. कपाटातल्या डांबरगोळ्या कुत्र्या-मांजरांना आणि रांगत्या नातवंडांनाही धोक्याच्या. उंदरांसाठी कोपऱ्यात ठेवलेले औषध मुक्कामापूर्वी उचललेच पाहिजे. लाडाने दिलेले चॉकलेट, शिऱ्यातले मनुके, भाजीतला कांदा-लसूण कुत्र्याला बाधतात. बाल्कनीला जाळी नसेल तर मांजर आणि मूल, दोघांसाठीही ती लावून घ्यावी. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्याने पंजे भाजतात, म्हणून फिरवणे सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर.

पाहुण्यांचीही कर्तव्ये आहेत. जनावर आणणार असल्याचे आधी विचारावे. दारात उभे राहून कळवू नये. रेबीजच्या लसीची नोंद असलेली पुस्तिका, जंतांचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त ही तयारी घरून करून निघावे. आजोबांना दमा असेल, आजीची गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल आणि अंगावर झेपावणाऱ्या कुत्र्यामुळे पडण्याचे भय असेल, तर त्यांचा नकार रास्त आहे. मग त्या काळापुरती जनावराची सोय अन्यत्र करावी. केस झाडणे, घाण उचलणे, फरशी पुसणे हे काम ज्याने जनावर आणले त्याचे. ते आजीच्या किंवा घरकामाच्या बाईंच्या माथी मारणे हा करुणेच्या नावाखाली केलेला आळस होय.

नातवंडांना तर नियम प्रेमाने पण ठामपणे सांगावेत. जेवणाऱ्या वा झोपलेल्या जनावराला हात लावू नये, शेपूट ओढू नये. आणि लहान मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडू नये, मग तो कितीही गरीब असो. चावा बसला किंवा नखाने ओरखडले, तर हळद-चुना न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वाचण्याची आशा जवळपास उरत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र तारते.

कायदा आणि कुटुंब

गृहनिर्माण संस्थेतले पदाधिकारी अशा वेळी कधीकधी हरकत घेतात. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणे संस्थेला, बहुमताच्या जोरावरसुद्धा, उचित नाही. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही एक कर्तव्य आहे. परंतु कायद्याची भाषा आवारापर्यंत ठीक. उंबरठ्याच्या आत तिचा उपयोग नाही. आजीच्या घरात हक्काने शिरता येत नाही, तिला समजावूनच शिरावे लागते. आणि आजीनेही हे ध्यानी घ्यावे की, नातवाने ज्याच्यावर जीव लावला आहे त्याला हुडुत म्हणताना तो शब्द नातवालाही लागतो.

आठ दिवसांच्या मुक्कामात या तडजोडीतून जे शिक्षण घडते, ते कोणत्याही संस्कारवर्गात मिळणार नाही. दिवेलागणीला शुभंकरोती चालू असताना आपला कुत्रा सतरंजीवर थांबतो, हे पाहून नातवाला मर्यादा कळते. जेवणापूर्वी आजी बाजूला काढून ठेवत असलेला घास यंदा आपल्या सोबत्याच्या भांड्यात पडला, हे पाहून त्याला करुणा कळते. स्वच्छता आणि दया या एकाच घरात नांदू शकतात, हे तो आपल्या डोळ्यांनी पाहतो आणि आयुष्यभर विसरत नाही.

सुट्टी संपते, गाडी निघते, घर पुन्हा पूर्वीसारखे निःशब्द आणि स्वच्छ होते. सोफ्याच्या पायाशी चार-दोन केस राहून गेलेले असतात, ते आजी झाडून घेते. दाराजवळची सतरंजी धुऊन, वाळवून ती घडी करते. ती घडी माळ्यावर न टाकता हाताशी येईल अशा फडताळात तिने ठेवली, तर त्या घराला ओसरी मिळाली असे खुशाल समजावे.